प्रकल्प नोंदी: चार जुलैचं अर्पण

२ जून

कामाची वाटणी झाली. प्रदर्शनाचा मुख्य भाग नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा: पैसा कुठून यायचा, कोण गोळा करायचं, हिशेब कसा छापला जायचा. माझ्याकडे त्याचा जोडभाग आहे. अमेरिकेच्या ईशान्येतल्या न्यू इंग्लंडच्या ज्या मंडळ्या, म्हणजे गावोगावच्या चर्चचे सभासद, मुंबईसाठी अर्पण देत होत्या, त्यांच्याच बाकांवरून त्या काळात आणखी एक वर्गणी फिरत होती. अमेरिकेतल्या मुक्त काळ्या लोकांना आफ्रिकेत नेऊन वसवायचं, त्यासाठीची. गोळा करणारी संस्था अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी, आणि तिनं वसवलेली वसाहत म्हणजे आजचा लायबेरिया.

बैठकीत प्रश्न आलाच, लायबेरियाचा आणि नगरचा काय संबंध? उत्तर एका माणसात सापडतं. सॅम्युअल मिल्स हा १८०६ मध्ये विल्यम्स कॉलेजजवळ पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करणाऱ्या पोरांचा म्होरक्या. त्या धडपडीतून १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था, अमेरिकन बोर्ड, उभी राहिली. मिल्सचा कॉलेजातला सोबती गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि आपल्याकडचं मिशन सुरू झालं. मिल्स मात्र हिंदुस्थानात कधी आला नाही. १८१७ च्या अखेरीस तो सोसायटीसाठी जागा शोधायला पश्चिम आफ्रिकेकडे निघाला, शेरब्रो बेटाचा परिसर पाहिला आणि १८१८ च्या जूनमध्ये परतीच्या जहाजावर वारला. पहिल्या पॅनेलला एवढा धागा पुरे.

५ जून

डेटा भरणाऱ्या मुलांसाठी सूचना लिहून ठेवली: एबेनेझर बर्जेस दोन आहेत. मिल्सबरोबर आफ्रिकेला गेलेला एक. दुसरा आपला, नगर-साताऱ्याचा मिशनरी, ज्यानं १८५४ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि पुढे सूर्यसिद्धान्ताचं इंग्रजी भाषांतर केलं. दोघेही पाळक, दोघेही १८७० मध्ये वारले. नावावरून शोध घेतला की दोघांची पानं एकत्र येतात, आणि आपल्या प्रदर्शनाचा विषय असा की एकच माणूस दोन्हीकडे गेला असेल असं कुणालाही वाटावं. तक्त्यात नावापुढे जन्मवर्ष लिहायचं: १७९० आणि १८०५.

९ जून

स्थापनेचा मजकूर लिहिला. न्यू जर्सीतल्या बास्किंग रिजचा प्रेस्बिटेरियन पाळक रॉबर्ट फिन्ली १८१६ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनला आला, तिथं त्यानं ओळखीपाळखी वापरल्या आणि २१ डिसेंबरला एका हॉटेलात सभा भरवली. अध्यक्षस्थानी हेन्री क्ले, केंटकीचा राजकारणी आणि गुलामांचा मालक. आठवड्याभरात घटना मंजूर झाली. १ जानेवारी १८१७ ला पदाधिकारी निवडले: अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पुतणे. त्यांच्याकडेही गुलाम होते.

क्लेनं पहिल्याच सभेत सांगून टाकलं की गुलामगिरी असावी की नसावी या नाजूक प्रश्नाला इथं हात घालायचा नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या वर्गणीची किल्ली इथंच आहे. व्हरमाँटच्या पाळकानं मंडळीला सांगावं की यातून गुलामगिरी हळूहळू संपेल. व्हर्जिनियाच्या मळेवाल्यानं मनाशी म्हणावं की मुक्त काळे गेले म्हणजे आपले गुलाम शांत राहतील. तिसऱ्या कुणाला आफ्रिकेत शुभवर्तमान पोचवायचं असेल. पेटीत नाणं टाकताना कारण सांगावं लागत नव्हतं, आणि संस्थेनं ते कधी विचारलंही नाही.

फिन्ली पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉर्जियात वारला. आपल्या कल्पनेचं काय झालं ते त्याला पाहायला मिळालं नाही. पॅनेलवर त्याच्याबद्दल याहून जास्त लिहायला जागा नाही.

१४ जून

आता खरं काम सुरू. सोसायटीचं मासिक ‘आफ्रिकन रिपॉझिटरी’ मार्च १८२५ पासून निघू लागलं आणि १८९२ पर्यंत चाललं. जुने अंक स्कॅन होऊन सगळ्यांना खुले आहेत. अंकाच्या शेवटी बारीक टाइपात जमा रकमांची यादी असते: अमुक पाळकांच्या मंडळीतलं चार जुलैचं अर्पण, अमुक गावच्या शाखेकडून, अमुक बाईंकडून, इतके डॉलर इतके सेंट. आमच्या गटातल्या एक ताई सेवानिवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांनी दोन पानं पाहिली आणि म्हणाल्या, ‘हे पासबुकच आहे की गं.’

तक्त्याचे रकाने ठरवले: तारीख, गाव, राज्य, पंथ, देणारा (मंडळी, शाखा, व्यक्ती, महिला मंडळ), निमित्त, रक्कम. मी ‘कारण’ असाही एक रकाना ठेवला होता. ताईंनी तो काढायला सांगितला, कारण त्यात भरायला यादीत काहीच नाही. मी ठेवला आहे. रिकामाच दिसू दे.

१५ जून

चार जुलैच्या अर्पणाची रीत नीट मांडून ठेवते, कारण तिसरं पॅनेल यावरच आहे.

सोसायटीकडे सुरुवातीला स्वतःचं असं काहीच नव्हतं. १८१९ च्या मार्चमध्ये काँग्रेसनं गुलामांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध कायदा करून १ लाख डॉलर मंजूर केले. पकडलेल्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकनांना परत पाठवायचं, हे त्या पैशाचं काम. अध्यक्ष मन्रो यांनी कायद्याचा अर्थ सैल लावल्यामुळे सोसायटीला त्याचा आधार मिळाला. पण वसाहत चालवायला दरवर्षीचा पैसा लागतो आणि तो सरकारकडून येईना. मग चर्चकडे वळणं आलं. त्यासाठी नवं काही उभारावं लागलं नाही. गावोगाव मंडळ्या होत्या, दर आठवड्याला माणसं जमत होती, पेटी फिरवण्याची सवय होती, वर खात्री देणारा पाळक होता.

तारीखही हुशारीनं निवडलेली. स्वातंत्र्यदिनी किंवा त्याच्या जवळच्या रविवारी बऱ्याच चर्चांमध्ये देशाबद्दल प्रवचन असायचंच. सोसायटीचं म्हणणं एवढंच की त्या दिवशीचं अर्पण आमच्या कामाला द्या. आधी परिपत्रकं जायची, प्रवासी एजंट पाळकांना गाठायचे. प्रेस्बिटेरियन चर्चच्या सर्वसाधारण सभेनं १८१८ मध्येच शिफारस केली होती. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, काँग्रिगेशनल यांच्याही सभांचे ठराव जमवून छापले जात. अर्पण पाठवणाऱ्या पाळकाला मासिक फुकट, आणि मासिकात त्याचं आणि गावाचं नाव. शेजारच्या गावची रक्कम आपल्यापेक्षा मोठी दिसली की पुढच्या जुलैत काय होत असेल, ते वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरलेल्या कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला सांगायला नको.

हे सगळं चालवणारा सचिव राल्फ रँडॉल्फ गर्ली. स्वतः प्रवचन करायचा, मासिक लिहायचा, पत्रांचा ढीग उपसायचा.

१९ जून

तीस डॉलर. यादीत हा आकडा सारखा येतो.

घटनेनुसार वर्षाला १ डॉलर दिला की सभासदत्व आणि एकरकमी ३० डॉलर दिले की आजीव सभासदत्व. मंडळीतल्या बायका मिळून तीस डॉलर जमवायच्या आणि ते स्वतःच्या नावानं न देता पाळकाला आजीव सभासद करायच्या. नोंद तशीच छापली जायची: अमुक चर्चच्या महिलांकडून, आपल्या पाळकांना आजीव सभासद करण्यासाठी. एकदा पाळक आजीव सभासद झाला की पुढच्या जुलैत तो नाही म्हणणार नाही. बायकांना मतदान नव्हतं, सभेत बोलायची सोय नव्हती, पण गावाला पुढची कित्येक वर्षं बांधून ठेवायची ताकद या तीस डॉलरांत होती. मजुराला दिवसाला जेमतेम डॉलरभर मिळायचा त्या काळात ही रक्कम थोडी नव्हे.

याच बायका बोर्डालाही द्यायच्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिशनसाठी प्रार्थनासभा आणि तिथं वेगळं अर्पण. १८२७ मध्ये मुंबईला आलेल्या आणि पुढे नगरला मुलींची शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार यांचा खर्च अशाच अर्पणांतून निघे. सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या संदर्भात फरारबाईंचं नाव आपल्याकडे घेतलं जातं. मुख्य भागातल्या गटाला सुचवलं आहे की सोमवारचं अर्पण आणि चार जुलैचं अर्पण एकाच तक्त्यात शेजारी शेजारी दाखवा.

२३ जून

चौथं पॅनेल लिहून झालं, पण आता ते दुसऱ्या जागी हलवते आहे.

जानेवारी १८१७. सोसायटीच्या स्थापनेला महिनाही झाला नव्हता. फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये मुक्त काळ्या लोकांची सभा भरली. सुमारे ३,००० माणूस. व्यासपीठावर बेथेलचे संस्थापक रिचर्ड ॲलन, ॲब्सलम जोन्स आणि सभेचे अध्यक्ष जेम्स फोर्टन, जहाजांची शिडं बनवणारा मोठा कारखानदार. या पुढाऱ्यांना आफ्रिकेला जाण्याची कल्पना अगदीच नावडती नव्हती. त्यांचा स्नेही कॅप्टन पॉल कफी यानं आदल्याच वर्षी बव्हंशी पदरमोड करून ३८ जणांना आपल्या जहाजातून सिएरा लिओनला नेलं होतं. पण जाण्याच्या बाजूनं कोण म्हणून विचारलं तेव्हा सभेत एकही आवाज निघाला नाही. विरोधात कोण म्हटल्यावर मात्र चर्च दणाणून गेलं. फोर्टननं हे सगळं त्याच महिन्यात कफीला पत्रानं कळवलं आहे. लोक निघून जाण्याच्या नावानं धास्तावलेत, हेही लिहिलं आहे. सभेच्या ठरावात म्हटलं होतं की गुलामगिरीत अडकलेल्या आपल्या बांधवांपासून आम्ही स्वेच्छेनं वेगळे होणार नाही.

म्हणजे ज्यांच्यासाठी पुढे अनेक दशकं पेटी फिरली, त्यांनी पेटी फिरण्याआधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. तेही चर्चमध्येच.

डिझायनरचं म्हणणं, ‘विरोध’ असं एक पॅनेल शेवटी असतंच, तिथं हे शोभेल. मला ते पटत नाही. काळानुसार ते दुसऱ्या क्रमांकावर येतं, तर तिथंच लागेल. पाहणाऱ्यानं बेथेल वाचून मग चार जुलैच्या याद्या वाचाव्यात.

२७ जून

रिचमंडच्या नोंदी वेगळ्या काढल्या. वरचं वाचून कुणाला वाटेल की काळ्या मंडळ्यांमधून आफ्रिकेसाठी पैसा आलाच नाही. आला, पण तो वेगळ्या हातांनी.

लॉट कॅरी व्हर्जिनियाच्या रिचमंडमध्ये तंबाखूच्या वखारीत गुलाम म्हणून राबत होता. वाचायला शिकला, वखारीतली उरलीसुरली तंबाखू विकून पैसा साठवला आणि १८१३ मध्ये ८५० डॉलर भरून स्वतःला आणि दोन मुलांना सोडवलं. १८१५ मध्ये तिथल्या काळ्या बाप्टिस्टांनी आफ्रिकेसाठी स्वतःची मिशन संस्था काढली आणि पाच वर्षांत ७०० डॉलर जमवले. देणाऱ्यांत गुलाम होते, मुक्त होते. १८२१ च्या जानेवारीत कॅरी आणि कॉलिन टीग सहकुटुंब निघाले. जहाज सोसायटीचं, पाठीशी पैसा या मंडळीचाही. वसाहतीत कॅरी पाळक झाला, रोग्यांची शुश्रूषा केली, एकदा शिधावाटपावरून सोसायटीच्या एजंटाविरुद्ध उभाही राहिला. १८२८ मध्ये काडतुसं भरताना दारूचा स्फोट होऊन गेला.

हे ७०० डॉलर मी मुख्य तक्त्यात मिसळणार नाही. वेगळी ओळ, वेगळा रंग.

१ जुलै

पैसा गेला कुठे, याचं पॅनेल. लिहायला सगळ्यात जड गेलं, म्हणून थोडक्यात.

१८२० च्या फेब्रुवारीत ‘एलिझाबेथ’ जहाज न्यूयॉर्कहून निघालं. वर ८६ प्रवासी आणि तीन गोरे एजंट. शेरब्रोला उतरल्यावर काही आठवड्यांत तिन्ही एजंट आणि प्रवाशांपैकी वीसहून अधिक तापानं गेले. उरलेल्यांची जबाबदारी बाल्टिमोरच्या डॅनियल कोकरवर पडली. हा कोकर ॲलनच्याच चर्चचा धर्मोपदेशक. डिसेंबर १८२१ मध्ये केप मेसुरॅडोची जमीन घेतली: नौदलाच्या स्टॉक्टननं स्थानिक राजावर पिस्तूल रोखलं आणि करार झाला. बदल्यात बंदुका, दारू, तंबाखू, मणी असा ३०० डॉलरांच्याही आतला माल. म्हणजे दहा पाळकांना आजीव सभासद करण्याच्या खर्चात राजधानीची जागा. १८२४ मध्ये वस्तीचं नाव मन्रोव्हिया झालं.

१८२० ते १८४३ या काळात ४,५७१ माणसं तिथं पोचली. १८४३ च्या जनगणनेत त्यांतले १,८१९ जण हयात सापडले. काही जण परतले, काही किनाऱ्यानं दुसरीकडे गेले, पण बहुतेकांना तापानं नेलं. हे दोन आकडे पॅनेलवर मोठ्या टाइपात, बाकी मजकूर लहान.

बोर्डानंही १८३४ मध्ये त्या किनाऱ्यावर केप पामासला मिशन काढलं होतं. वसाहतीच्या कारभाऱ्यांशी खटके उडाल्यावर १८४२ च्या सुमारास ते गॅबनला हललं. मुख्य गटासाठी ही तळटीप.

५ जुलै

काल सगळ्यांना सुट्टी दिली होती, आज बसलो.

आजचीच तारीख असलेली एक नोंद हाती लागली. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी १८२७ मध्ये ४ जुलैला कायद्यानं संपली. शहरातल्या काळ्या लोकांनी मोठी मिरवणूक काढली ती मात्र पाच जुलैला. चार तारखेला रस्त्यावर गोऱ्यांच्या टोळक्यांची भीती होती, आणि तो दिवस आपला नाही ही भावनाही. त्याच वर्षी तिथं काळ्या संपादकांचं पहिलं वर्तमानपत्र निघालं. सॅम्युअल कॉर्निश आणि जॉन रसवर्म हे दोन संपादक. पत्र सोसायटीच्या विरोधात होतं. पण दीड-दोन वर्षांत रसवर्मचं मत फिरलं. इथं बरोबरीनं जगायला मिळणार नाही असं म्हणून तो १८२९ मध्ये लायबेरियाला गेला. त्याला शिव्या खूप खाव्या लागल्या. मला त्याचा राग येत नाही, कोकरचाही नाही. ज्याला जायचं होतं त्यानं जावं. वर्गणी गोळा करणाऱ्यांचं खातं वेगळं.

८ जुलै

बोस्टनचं पार्क स्ट्रीट चर्च, ४ जुलै १८२९. सोसायटीच्या नेहमीच्या कार्यक्रमात भाषणाला बोलावलेला तेवीस वर्षांचा मुद्रक-संपादक विल्यम लॉइड गॅरिसन. त्याच्या भाषणानंतर सोसायटीसाठी पेटी फिरायची होती. गॅरिसननं गुलामगिरीवर असं काही बोलून ठेवलं की श्रोते चुळबुळले. लगेच त्याच वर्षी तो बाल्टिमोरला गेला, काळ्या लोकांमध्ये राहिला आणि मत पालटलं. १८३२ मध्ये सोसायटीवर त्यानं जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा दुसरा भाग म्हणजे गावोगावच्या काळ्या लोकांच्या सभांचे ठराव, बेथेलपासूनचे. ते कागद त्यानं एकत्र छापून मांडले.

त्यानंतर मंडळ्यांमध्ये दुफळी. १८३४ च्या फेब्रुवारीत सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत विद्यार्थ्यांनी अठरा रात्री वाद घातला. नऊ रात्री तात्काळ मुक्तीवर, नऊ सोसायटीवर. शेवटी सोसायटीच्या बाजूला जवळपास कुणी उरलं नाही. हीच मुलं पुढे पाळक होणार होती, म्हणजे पेटी फिरवणारे हातच गेले. दात्यांत गेरिट स्मिथचं उदाहरण बोलकं आहे. शंभर श्रीमंतांनी दहा वर्षं दरसाल १०० डॉलर द्यावेत, अशी योजना त्याच्या नावानं चालायची. १८३५ मध्ये तोच सोसायटी सोडून विरोधकांना मिळाला. १८३४ मध्ये उघड झालेलं सोसायटीचं कर्ज ४० हजार डॉलरांहून जास्त होतं.

दक्षिणेत उलटं. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाच्या पुढाकारानं गुलामांचं बंड झालं आणि घाबरलेल्या मेरिलँडनं वीस वर्षांत मिळून २ लाख डॉलर देण्याचा कायदा केला. जे कारण पेटीत नाणं टाकताना सांगावं लागत नव्हतं ते इथं विधिमंडळात उघड बोललं गेलं. माझा रिकामा रकाना या एका ओळीत भरता आला.

१२ जुलै

मजकूर तपासायला नगरच्या एका मंडळीतल्या पाळकसाहेबांकडे नेला. त्यांनी बायकांच्या तीस डॉलरांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘यांच्याकडे दोषी म्हणून बघू नका. त्यांना जे सांगितलं तेवढंच त्यांना ठाऊक.’ मी म्हटलं, १८३२ नंतर ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही, ठराव छापून बाजारात होते. ते म्हणाले, ‘मग १८३२ ची रेघ तक्त्यात दाखवा आणि नंतर किती मंडळ्या देत राहिल्या ते लोकांना मोजू द्या.’ सूचना घेतली. रेघ लाल नको, साधी काळी.

१६ जुलै

सहाही पॅनेल छपाईला दिली. क्रम: मिल्स आणि हॉल, बेथेल, चार जुलै, तीस डॉलर आणि रिचमंड, एलिझाबेथ ते मन्रोव्हिया, पार्क स्ट्रीट ते लेन. लायबेरियानं २६ जुलै १८४७ ला स्वतःला स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं आणि व्हर्जिनियात मुक्त म्हणून जन्मलेला जोसेफ जेंकिन्स रॉबर्ट्स पहिला अध्यक्ष झाला, हे शेवटच्या पॅनेलच्या तळाशी. संस्था कागदोपत्री १९६४ पर्यंत जिवंत होती, हेही.

बाकी: कोकरचं चित्र बेथेलच्या पॅनेलवर लावायचं की एलिझाबेथच्या, यावर एकमत नाही. ताई म्हणतात दोन्हीकडे लावा. १८३२ नंतरच्या याद्यांची भरती अजून अपुरी आहे, मेन आणि न्यू हॅम्पशायरची गावं राहिली आहेत. ती झाल्यावर तक्ता सर्वांसाठी खुला करायचा.